दोन बोटं कमी पडलेली दोरी

शेजारची सई परवा दुपारी कंपासपेटी वाजवत आली. सहावीत आहे. चपला दारात भिरकावल्या, माझ्या टेबलावर वही उघडली आणि म्हणाली, "आजी, घरातले दहा कोन शोधून लिहायचेत. भिंतीचा कोपरा काटकोन असतो ना? पहिला तोच लिहिते."

"भिंत सोड," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी शोध."

जरा जोरातच म्हटलं असावं. तिनं पेन्सिल थांबवली, माझ्याकडे पाहिलं, आणि मग टेबलाच्या कडेला कोनमापक लावायला लागली. पोरांना म्हाताऱ्यांच्या लहरींची सवय असते. मी उठून माठातलं पाणी प्यायले. बाहेर सांगलीचं मार्चचं ऊन, समोरच्या लिंबाचा मोहर वाऱ्यानं ओट्यावर आलेला, तो कडवट गोड वास. दरवर्षी हा वास आला की माझं काहीतरी बिनसतं. सून म्हणते, आईंना ऊन बाधतं. म्हणू दे. उन्हाला काय, कशाचंही खापर फोडता येतं.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट आहे. मी मूळची वाईची, कृष्णेच्या घाटावर परकराचा ओचा खोचून पळत मोठी झालेली. साताऱ्यात मास्तरकीचं ट्रेनिंग केलं आणि एकविसाव्या वर्षी पहिली नेमणूक मिळाली ती तासगाव तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून हयात आहेत. तीन एस.ट्या बदलून पोचले तेव्हा अंगभर धूळ आणि डोक्यात भलताच तोरा. आपण आता या गावाला गणित शिकवणार! ट्रेनिंगला पहिला नंबर होता ना माझा. पहिला नंबर आलेल्या माणसाला आपल्याला काय येत नाही हे कळायला फार वेळ लागतो, निदान मला तरी लागला.

शाळेला दोन खोल्या आणि एक पिंपरणीचं झाड. तिसऱ्या खोलीचं बांधकाम त्याच वर्षी मंजूर झालेलं. माझा सातवीचा वर्ग झाडाखालीच भरे, आणि शेजारीच दगड घडवण्याचा ठणठणाट चाले. परीक्षेचे दिवस तोंडावर, ऊन वाढत चाललेलं. सकाळी उसाच्या गुऱ्हाळाचा गोड धूर यायचा, अकराच्या पुढे द्राक्षाच्या पेट्या भरलेला ट्रॅक्टर तासगावकडे जायचा आणि सगळा वर्ग माना वळवून त्याच्याकडे बघायचा. सावली जशी सरके तसा वर्गही सरके. फळा मी झाडाच्या खोडाला टेकवलेला.

कोन शिकवायचे तर कोनमापक हवेत. वर्गात कोनमापक एकच, पत्र्याचा, तोही आकडे पुसलेला. मग मी ट्रेनिंगमध्ये शिकलेली युक्ती काढली. कसलाही फाटका कागद घ्या, एकदा दुमडा, पुन्हा कडेवर कड ठेवून दुमडा, झाला काटकोन. हरखली हो पोरं! रद्दी, साबणाचं वेष्टण, लग्नपत्रिका, जे मिळेल ते दुमडून प्रत्येकाच्या खिशात एकेक कोपरा. त्या कोपऱ्यात मावेल तो लघुकोन, बाहेर सांडेल तो विशालकोन. पाटीला लाव, दाराला लाव, बैलगाडीच्या साट्याला लाव. एकानं तर झोपलेल्या कुत्र्याच्या कानाला लावला आणि कुत्र्यानं त्याचा कागद पळवला.

पण व्याख्या डोक्यात जाईनात. दुपारच्या सुट्टीत पोरं फडकी सोडून भाकरी मोडत बसली होती, तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "अख्खी भाकरी म्हणजे पूर्ण कोन. अर्धी म्हणजे?"

"सरळकोन!"

"चतकोर?"

"काटकोन, बाई! आनि नितकोर, चतकोराची अर्धी, म्हंजी लघुकोन."

"आणि चतकोर खाऊन उरली ती?"

एक चुणचुणीत पोरगं उठून म्हणालं, "आवं बाई, चतकोर खाऊन कोण उठतंय? समदी खाल्ली तर कोनच ऱ्हात न्हाई." सगळा वर्ग खदखदला, मीही हसले. तेवढ्यात मागच्या ओळीतून एक बारीक आवाज आला, "उरतो तो प्रविशालकोन, बाई."

ती शालन. निवृत्ती गवंड्याची पोर. हाडकुळी, दोन घट्ट वेण्या, बोलायला कंजूष. तिचा कागद सगळ्यात धारदार दुमडलेला असे. तिचा बाप आमची तिसरी खोली बांधत होता. अंगानं किडकिडीत, उन्हानं रापलेला, हातांना सिमेंटनं भेगा पडलेल्या. मी शिकवत असले की तो काम करता करता ऐकायचा. एकदा हातातली थापी ठेवून जवळ आला.

"बाई, तुमी काटकोन म्हणता त्याला आमी गुण्यात हाय म्हणतो."

त्यानं आपला लाकडी गुण्या, काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, पोरांना दाखवला. म्हणाला, गुण्या लहान पडला की दोरी काढायची. कमरेची सुतळी सोडली, तिच्यावर हाताच्या मापानं गाठी मारलेल्या. जमिनीवर खुंटी ठोकली, एका अंगाला तीन हात, दुसऱ्या अंगाला चार हात, आणि दोन्ही टोकांमध्ये दोरी ताणली. पाच हातांची गाठ बरोबर टोकाला आली. "आली का? मग कोपरा गुण्यात हाय. पुढं गेली, मागं राहिली, तर न्हाई." मी काटकोन त्रिकोणाचं प्रमेय घोकून घोकून पास झालेली बाई. ते असं जमिनीवर पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दुसरं टोक शालननं धरलं होतं. तिला सांगावं लागलं नाही, कुठं उभं राहायचं ते तिला ठाऊक होतं.

या मुलीनं सातवीनंतर थांबू नये असं मला फार वाटत होतं. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढं तासगावच्या हायस्कुलात जायचं तर रोज एस.टी., आणि गवंड्याच्या पोरीला कोण पाठवणार? दिवाळीपासून मी निवृत्तीच्या मागे लागले होते. तो आधी "सातवी झाली की पुरं" म्हणायचा. मग माघात एके दिवशी आपण होऊन म्हणाला, "बाई, घालू म्हणतो तिला तासगावला. माझ्यासंगं दोरी धरती, मापं तोंडावर करती. मला लिवता आलं असतं तर मी काय काय बांधलं असतं. फारम भरायला मीच नेतो तिला." त्या दिवशी मी फॉर्म मागवून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. किती वेळा उघडून पाहिला असेल!

आणि मग मी तो गृहपाठ दिला. गावातले दहा कोन शोधून लिहा. मोजा, प्रकार लिहा, कशानं मोजला तेही लिहा.

वह्या तपासताना शालनची वही हातात आली. नऊ कोन नेहमीचे, विळ्याचा, जात्याच्या खुंट्याचा, असे. दहाव्या जागी एकाला जोडून दोन लिहिलेले, माझ्या अजून डोळ्यांपुढे आहेत: "शाळेची नवी खोली. पुढचा उजवा कोपरा. पाच हातांची दोरी दोन बोटं कमी पडते. कोनमापकाच्या रेघा मोजून ९२ अंश. विशालकोन. मागचा उजवा कोपरा. दोरी दोन बोटं उरते. ८८ अंश. लघुकोन."

मी उडालेच. भिंत तेव्हा खिडकीच्या उंचीला आलेली. रोज मी तिच्या सावलीत उभी राहत होते आणि मला काही दिसलं नव्हतं, हेडगुरुजींना नाही, कुणालाच नाही. आणि ही एवढीशी पोर! मी धावतच झाडाखाली गेले, वही उंच धरली.

"बघा रे! सगळ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांना न दिसलेली चूक शालननं पकडली. खोली वाकडी आहे!"

शालन उभी राहिली. तिचे कान लाल झालेले. मला वाटलं, कौतुकानं लाजली.

"बाई, चूक न्हाई ती. ते…"

"नव्वद म्हणजे नव्वद," मी म्हटलं. "गणितात बापाची भीड धरायची नाही. बस खाली."

ती बसली. मी पुढच्या वहीकडे वळले.

हे वाक्य मी किती वेळा आठवलं आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोण होते मी, बापाची भीड काढणारी? आणि ती काय सांगत होती ते ऐकायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. पण मला घाई होती. मला माझ्या शिकवण्याचं फळ सापडलं होतं आणि ते सगळ्या जगाला दाखवायचं होतं.

जग आठ दिवसांत आलं, मोटारसायकलवर. बांधकाम बघायला ओव्हरसियर यायचे होते. हेडगुरुजी भित्रा माणूस, त्यांनी चहा, केळी, टेबलावर धुतलेला पंचा अशी जय्यत तयारी केली. साहेब खुर्चीवर बसले, आणि मी, काही कारण नसताना, कुणी विचारलेलं नसताना, शालनची वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. "साहेब, आमच्या सातवीच्या मुलीचं काम पाहा." माझ्या मनात शपथेवर एकच गोष्ट होती, साहेबांनी मुलीचं कौतुक करावं. जमलं तर तिला पुढं कुठं शिष्यवृत्तीबिष्यवृत्ती असेल ते सांगावं. करायला गेले गणपती आणि झालं माकड, दुसरं काय!

साहेबांनी वाचलं. चहा अर्धा ठेवून उठले. टेप मागवला. पुढची भिंत मोजली, मागची मोजली. मागची वीतभर जास्त.

"निवृत्ती, इकडं ये. ही भिंत बाहेर गेलीय."

निवृत्ती हात पुसत आला. "व्हय साहेब. एक वीत."

"माहीत आहे तुला?"

"मीच धरलीय की. गोमुख हाय ते."

साहेबांना कळलं नाही. मलाही नाही. मग त्यानं जमिनीवर बोटानं काढून दाखवलं. घर पुढं अरुंद, मागं रुंद ठेवायचं, गाईच्या तोंडासारखं. मग घरात आलेलं घरात टिकतं. पुढं रुंद ठेवलं तर ते व्याघ्रमुख, वाघाचं तोंड, तसलं घर माणसाला लाभत नाही. "माझ्या बापानं, आज्यानं अशीच घरं बांधली. ह्या खोलीत पोरं शिकणार साहेब. आत आलेलं त्यांच्यापाशी टिकावं म्हणून एकाच अंगाला वीतभर सोडली. दिसत बी न्हाई डोळ्याला."

साहेब हसले. "शाळेत काय गाय बांधायचीय का? नकाशात आयत आहे. वर पत्रे चौकोनी येणार, ते कुठं बसवू? गोमुखावर?" खरंच होतं ते. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच तर मला आजतागायत त्यांच्यावर नीट चिडताही येत नाही.

"पाडा ही भिंत," ते म्हणाले. "आणि पुढचं काम दुसऱ्या गवंड्याला द्या."

निवृत्तीनं भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, एक सांगा. डोळ्याला दिसत न्हाई म्हणलो ना मी. मग तुमास्नी कुणी सांगितलं?"

साहेबांनी वही पुढे केली. "तुझ्याच पोरीनं लिहिलंय."

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं वही उलटीसुलटी पाहिली आणि झाडाकडे बघून हाक मारली, "शालन, ये बाळ. काय लिवलंयस ते वाच."

ती आली. सगळा वर्ग, हेडगुरुजी, साहेब, मी. तिनं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, "दोरी दोन बोटं कमी पडते." निवृत्तीनं मान हलवली. "बराबर हाय. दोनच बोटं हायत." आणि वही तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, चूक माझी, मी न विचारता वही दाखवली. साहेब, या माणसानं माझ्या वर्गाला काटकोन शिकवला, याला तो येत नाही असं समजू नका. पत्र्यांचं काहीतरी करू. एवढं म्हणायला काय लागत होतं? मी मूग गिळून बसले. नोकरी नवी, साहेब मोठे, आणि माझा पहिला नंबर कुठं गेला होता देव जाणे.

भिंत त्यानंच पाडली. "मी बांधलीय, मीच काढतो," म्हणाला, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तीन दिवस लागले. पहारीचा आवाज आणि दगड खाली पडल्याचा दणका. आमचा वर्ग तिथंच, शेजारी, उजळणीचे दिवस. मी फळ्यावर समीकरणं लिहायची, दगड पडायचा, खडू थांबायचा. पोरं एकमेकांकडे बघायची. दगड तो एकेक करून रचून ठेवत होता, नीट, उपयोगाला यावेत म्हणून. तिसऱ्या दिवशी दोरी गुंडाळली, कमरेला बांधली आणि हेडगुरुजींना रामराम करून गेला. गावभर झालंच होतं तोवर. निवृत्तीची भिंत सरकारनं पाडली. आणि त्याच्या पोरीनंच दाखवली म्हणे.

शालन पाडकामाच्या पहिल्या दिवसापासूनच शाळेत नव्हती.

मी एका फौजी माणसाच्या घरात खोली घेऊन राहत होते. तो सीमेवर, घरात त्याची बायको, तिला मी काकी म्हणे. त्या संध्याकाळी काकी भाकऱ्या थापत होती, मी चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं बाई, आमचंबी घर गोमुखीच हाय की. निवृत्तीच्या बानंच बांधलंय. तुमी ऱ्हाता ती खोली मागनं चांगली वीतभर रुंद हाय." मी उठून खोलीत गेले. माझ्याजवळ टेप नव्हता, साडीच्या पदरानं मोजलं. खरं होतं. सातवीला कोन शिकवणारी बाई आठ महिने त्या खोलीत राहिली, तिथं पुस्तकं लावली, सतरंजी अंथरली. सतरंजीची कड भिंतीशी कधी जुळायची नाही, तर मी समजत होते सतरंजीच वाकडी विणलीय! काकी हसली. मला रडू आलं, मी रडले.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं पाट दिला, चहा ठेवला. एक अक्षर वावगं बोलली नाही, त्यानं तर आणखीच लाज वाटली. निवृत्ती सोप्यात बसलेला. इतक्या दिवसांत मी त्याला रिकाम्या हातांनी बसलेला पाहिला नव्हता.

"निवृत्तीमामा, तिची काही चूक नाही. माझी आहे. तिला शाळेत पाठवा."

"पोरगी खरं तेच लिवली, बाई. खोटं लिवली असती तर मी मारली असती." तो हळू बोलत होता. "मी कवा रागावलो तिच्यावर? पर तीच माझ्या तोंडाकडं बगंना. जेवायला संगं बसंना. तुमीच सांगा तिला."

आतल्या दाराआड तिच्या परकराची कड दिसत होती. मी म्हटलं, "शालन, बाहेर ये गं."

ती आली नाही. आतूनच म्हणाली, "मी म्हणलं हुतं तुमास्नी बाई, चूक न्हाई म्हणून."

"म्हणाली होतीस," मी म्हटलं. चहा गार झाला.

निवृत्तीनं तिला परीक्षेला मात्र पाठवलं. "वरीस वाया घालवायचं न्हाई," म्हणाला. नवी भिंत तोवर दुसऱ्या गवंड्यानं निम्मी आणली होती, सरळसोट, गुण्यात. गणिताचा पेपर मी महिन्यापूर्वीच काढून हेडगुरुजींकडे दिलेला, आणि बदलायला ते तयार होईनात. सकाळी मीच तो फळ्यावर लिहीत होते. तिसऱ्या प्रश्नाशी आले. "विशालकोन म्हणजे काय? व्यवहारातील एक उदाहरण द्या." लिहिलं. पाठीमागं पेन्सिलींची खसखस. मी मागं वळून तिच्याकडे पाहिलं नाही, धीर झाला नाही.

तिचा पेपर सगळा बरोबर होता. व्याख्या सुरेख अक्षरात. उदाहरणासाठी तिनं दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. येत नाही म्हणून सोडलेली जागा आणि लिहायचं नाही म्हणून सोडलेली जागा, मास्तरांना फरक कळतो. एक गुण कापून मी तिला पहिला नंबर दिला. मला माझ्या पहिल्या नंबराचा इतका वीट आधी कधी आला नव्हता.

जून आला. खणातला फॉर्म तसाच. निवृत्ती स्वतः सांगायला आला, बाहेर झाडाखालीच उभा राहिला, खोलीकडे पाहिलं नाही. "लय सांगून बघितलं, बाई. ती न्हाईच म्हणती. म्हणती, आत्ता शिकले तर भिंत गेली. अजून शिकले तर काय काय जाईल, कुणाला ठावं."

मी त्याला तिथंच थांबवून तासगावची स्वप्नं पुन्हा सांगायला लागले. तो ऐकत होता, मानही हलवत होता. शेवटी म्हणाला, "तुमी वाईट वाटून घिऊ नगा." आणि गेला. त्यानं मला समजवावं! मी तो फॉर्म फाडला नाही. पुढच्या दोन बदल्यांमध्येही तो माझ्या सामानाबरोबर फिरला. तिसऱ्या वेळी कुठं गेला, कळलं नाही.

अलीकडे मी पुष्कळदा विचार करते, की शिकवलेलं पोरांच्या घरात जाऊन काय करतं, हे आम्हा मास्तर लोकांना कुणी सांगतच नाही. आम्ही म्हणतो, घरी जाऊन मोजा. मोजायला सांगतो ते घर कुणाचं आहे, तिथं कुणाचं नाव लागलं आहे, हे आमच्या पुस्तकात नसतं. कोन मोजता येतो, अंशात येतो. त्या वीतभर जागेत निवृत्तीनं पोरांसाठी काय ठेवलं होतं ते मोजायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि निदान विचारावं एवढी अक्कलही नव्हती.

चारेक वर्षांनी, दशक संपायला आलं होतं, मला तासगावच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघायची पाळी आली. माझी बदली वरच्या अंगाच्या गावात झालेली. द्राक्षांचे दिवस. स्टँडवर डबे, पिशव्या, बायकांचे घोळके, सगळीकडे आंबूस गोड वास आणि माश्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, मला वळखलं का?"

डोक्याला फडकं बांधलेलं, गळ्यात मंगळसूत्र, हाताला द्राक्षाचा चिकट काळपट रस, कमरेला घड कापायची कात्री. वेण्या नव्हत्या, पण डोळे तेच. मी तिचा हात धरला. म्हटलं, "शालन, अगं किती वाळलीस." तिनं सांगितलं, इथंच जवळ दिलीय, बागेत कामाला जाते. बापाला ती दादा म्हणे. "दादा बरं हायत. आता गोठंच बांधत्यात. गोठ्याला कोण वही घिऊन येत न्हाई." हसली. खरंच हसली, टोचायला म्हणून नाही. त्यानं मला जास्त लागलं.

तिच्या गाडीनं हॉर्न दिला. बाकीच्या बायका हाका मारायला लागल्या. ती दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "बाई, अजून कोन शिकवता?"

"शिकवते."

"उदाहरण कशाचं देता?"

"भाकरीचं," मी म्हटलं. "फक्त भाकरीचं."

तिनं क्षणभर विचार केला. पेपरातही ती असाच विचार करायची, खालचा ओठ दातात धरून.

"ते बरं हाय," ती म्हणाली. "भाकरी कुणी पाडाय लावत न्हाई."

गाडी गेली. मी माझी गाडी चुकवली. त्यानंतर ती मला भेटली नाही. मी पुढं पंचवीसेक वर्षं शिकवलं, शेकडो पोरांना लघुकोन, काटकोन, विशालकोन करून दाखवले, चतकोर आणि नितकोर आणि अर्धी. भिंतीचं नाव घेतलं नाही. कुणी पोरानं स्वतः काढलं तर "दुसरं शोध" म्हणून गप्प बसवलं. म्हणजे पुन्हा तेच की. एकदा न ऐकता गप्प बसवलं, मग तीच खोड प्रायश्चित्त म्हणून जन्मभर चालू ठेवली. हे मात्र मला परवा कळलं, सत्तरी ओलांडल्यावर, सईपुढे पाण्याचा तांब्या घेऊन उभी असताना.

सईचे नऊ कोन लिहून झाले होते. टेबल, कात्री, पंखा, उघडं पुस्तक. चतकोर चपातीही मीच सांगितली, तिनं लिहून घेतली. मग पेन्सिल दातात धरून तिनं माझ्या खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"आजी, पण भिंतीचा का नको? तुम्ही सांगितलंच नाही."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. खुर्ची ओढून तिच्याजवळ घेतली. "वही मीट. बस जरा. सांगते."